अंगझडती व तीविरुद्धच्या तक्रारी (इंग्लंड व वेल्स)
रस्त्याने जाणाऱ्या व्यक्तीस अटक न करता थांबवून तिची अंगझडती घेण्याचा पोलिसांचा अधिकार आणि त्याच्या गैरवापराविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था. अशा झडतीस न्यायालयाचे अधिपत्र लागत नाही. ती काही मिनिटांत आटोपते आणि पुष्कळदा हाती काहीच लागत नाही. त्यामुळे प्रकरण न्यायालयापुढे जात नाही व झडतीच्या कारणाची छाननीही होत नाही. ज्याची झडती झाली त्यानेच तक्रार केली, तरच त्या कारणाची चौकशी होण्याचा संभव असतो. म्हणून या प्रश्नाचा इतिहास बऱ्याच अंशी पोलिसाला झडतीचे कारण लिहून देण्यास भाग पाडण्याचा इतिहास ठरतो.

नेपोलियनबरोबरची युद्धे संपल्यावर वाढलेल्या भटक्या व बेकार लोकांच्या बंदोबस्तासाठी १८२४ मध्ये भटकेगिरीविषयक अधिनियम झाला. त्याच्या चौथ्या कलमान्वये, गुन्ह्याच्या इराद्याने सार्वजनिक जागी रेंगाळणाऱ्या ‘संशयित व्यक्ती’स केवळ पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा होऊ शके. लंडनच्या पोलिसांना चोरीच्या मालासाठी झडती घेण्याचा अधिकार १८३९ च्या अधिनियमाने मिळाला, तर मादक द्रव्यांसाठीचा देशव्यापी अधिकार १९६७ च्या अधिनियमाने. १९७० नंतरच्या दशकात कॅरिबियन वंशाच्या तरुणांविरुद्ध चौथ्या कलमाचा विशेष वापर होऊ लागला आणि ‘सस’ हे त्याचे संक्षिप्त नाव संतापाचा विषय बनले. दाद मागण्याची सोय तोकडी होती. १९६४ च्या पोलीस अधिनियमानुसार तक्रारीची चौकशी पोलीसच करीत. १९७७ मध्ये पोलीस तक्रार मंडळ कार्यरत झाले. पण त्याला स्वतः चौकशी करता येत नसे, पोलिसांनी पाठविलेले कागदच ते तपाशी.

६ एप्रिल १९८१ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात ‘स्वॅम्प ८१’ ही साध्या वेशातील पोलिसांची मोहीम सुरू झाली. आठवडाभराच्या आतच तीत ९४३ लोकांना थांबविण्यात आले व ११८ जणांना अटक झाली. १० ते १२ एप्रिल या काळात तेथे मोठी दंगल उसळली. चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड स्कारमन यांनी नोव्हेंबरमधील अहवालात तक्रारव्यवस्थेवरील अविश्वासाची गंभीर दखल घेऊन चौकशीत पोलिसेतर घटक असावा, अशी शिफारस केली. ‘सस’ तरतूद त्याच वर्षी रद्द झाली. दंगलीपूर्वीच, जानेवारी १९८१ मध्ये, फौजदारी कार्यपद्धतीविषयक शाही आयोगाने झडतीच्या कारणाची लेखी नोंद व्हावी असे सुचविले होते. आयोगाचे अध्यक्ष सर सिरिल फिलिप्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे इतिहासकार होते. दप्तर राखणाऱ्या कंपनीच्या या अभ्यासकाला लेखी नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागले नसावे.

या शिफारशींतून १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियम घडला. झडतीविषयीच्या त्याच्या तरतुदी १ जानेवारी १९८६ पासून लागू झाल्या. झडतीस वाजवी संशय आवश्यक ठरला. पोलिसाने आपले नाव, ठाणे, झडतीचा हेतू व कारण सांगावे, नोंद करावी आणि बारा महिन्यांत मागितल्यास तिची प्रत द्यावी, असे बंधन आले. कागदाचा हा चिटोरा दिसायला क्षुल्लक; परंतु तो नसता तर तक्रार म्हणजे एका तरुणाच्या शब्दाविरुद्ध गणवेशधाऱ्याचा शब्द एवढीच उरली असती.

पुढील पाऊल मात्र उलट पडले. १९९४ च्या अधिनियमाच्या ६० व्या कलमाने, हिंसाचाराची भीती असलेल्या नेमून दिलेल्या क्षेत्रात वैयक्तिक संशयाशिवाय झडती घेण्याची मुभा दिली. २००० च्या दहशतवादविरोधी अधिनियमातील ४४ वे कलम त्याच धर्तीचे होते. झडतीस कारणच लागत नसेल, तर कारण चुकीचे होते अशी तक्रार करणार कशी, हा यातील पेच होय. गिलन व क्विंटन खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ४४ व्या कलमाखालील झडती खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारी ठरविली. ते कलम २०१२ च्या अधिनियमाने रद्द झाले.

स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधील खुनाच्या तपासाविषयीच्या मॅकफर्सन अहवालाने (१९९९) प्रत्येक थांबवणुकीची नोंद करून तिची प्रत जागीच द्यावी, असे सुचविले. ही पद्धत देशभर लागू होते न होते तोच, २०११ मध्ये झडतीविना केलेल्या विचारपुशीची सक्तीची नोंद बंद झाली. झडतीच्या नोंदीची प्रत मागण्याची मुदतही तीन महिन्यांवर आली. कारण दिले पोलिसांच्या लेखनश्रमाचे. पोलीस निरीक्षणालयाने २०१३ मध्ये तपासलेल्या ८,७८३ नोंदींपैकी २७ टक्क्यांत पुरेसे कारण आढळले नाही. बंधन असूनही ही स्थिती होती. २०१४ च्या ऐच्छिक योजनेने तक्रारी वाढल्यास पोलिसांनी स्थानिक लोकांपुढे खुलासा करावा, अशी तरतूद केली.

तक्रार ऐकणाऱ्या संस्था याच काळात बदलत गेल्या : १९८५ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरण, २००४ मध्ये स्वतःचे तपासनीस असलेला स्वतंत्र आयोग आणि २०१८ मध्ये त्याच्या जागी पोलीस वर्तनविषयक स्वतंत्र कार्यालय. तथापि बहुसंख्य तक्रारी संबंधित पोलीस दलच हाताळते. फेब्रुवारी २०२० पासून दलाविषयी व्यक्त केलेली कोणतीही नाराजी तक्रार मानली जाऊ लागली. नोंदीच्या जोडीला आता गणवेशावरील कॅमेराही आला आहे. लंडन पोलिसांनी २०१६ पासून तो मोठ्या प्रमाणावर वापरात आणला, तेव्हाच्या धोरणाप्रमाणे पुरावा म्हणून न राखलेले चित्रण ३१ दिवसांनी पुसले जाई. म्हणजे लेखी प्रत मागण्याची मुदत संपण्याच्या सुमारे दोन महिने आधीच.