दिनविशेष, १० मे : आगीने दाखवलेली मठाची जागा

१९४१ : लंडनवर जर्मन विमानांनी रात्रभर बॉम्ब टाकले. संसदेचे कॉमन्स सभागृह जळाले, तसाच 'चार्टरहाउस' हा जुना वाडाही. १३७१ मध्ये सर वॉल्टर मॅनी या सरदाराने इथे कार्थुसियन साधूंचा मठ स्थापला होता. मठ मोडल्यावर उमरावांनी तिथे वाडा केला आणि जुन्या भिंती नव्या बांधकामात बुजल्या. सध्याचे प्रार्थनागृह म्हणजेच साधूंचे चर्च, असे पुढे सगळे धरून चालले.

आगीनंतर दुरुस्ती करताना मनोऱ्याच्या वरच्या खोलीत भिंतीतला तिरका झरोका सापडला. त्यातून खालची वेदी दिसावी, अशी ती योजना. पण त्याचा रोख होता मोकळ्या अंगणाकडे! पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तिथे खणले. १९४७ मध्ये मॅनीची शिशाची शवपेटी मिळाली. आत पोप सहावा क्लेमंट याची शिशाची मोहर. मॅनीला चर्चमध्येच पुरले होते, म्हणजे चर्च अंगणातच होते. प्रार्थनागृह ही साधूंच्या बैठकीची जागा ठरली.

या ग्राइम्स यांचा आपल्या नंदुरबारशी लांबचा का होईना, धागा जुळतो. मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि लंडन म्युझियममधली त्यांची खुर्ची ग्राइम्स यांच्याकडे गेली. व्हीलर यांच्या तालमीतले बी. के. थापर यांनी पुढे १९५४-५५ मध्ये शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा या गावाचे पांढरीचे टेकाड खणले आणि ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. तिथे बॉम्बची गरज पडली नाही.