मनोहर प्रल्हाद आवटी

व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी (७ सप्टेंबर १९२७, सुरत – ३ नोव्हेंबर २०१८, विंचुर्णी, ता. फलटण, जि. सातारा) हे भारतीय नौदलातील वरिष्ठ अधिकारी होते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र देण्यात आले. नौदलाच्या पश्चिम विभागाचे ध्वजाधिकारी सरसेनापती या पदावरून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले. भारतीय नौदलाच्या 'सागर परिक्रमा' या उपक्रमाची मूळ कल्पना त्यांची. या उपक्रमातून शिडाच्या नौकेने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दर्यावर्दी घडले.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

आवटी १९४५ मध्ये तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. त्या काळी भारतात नौदल अधिकाऱ्यांच्या संपूर्ण प्रशिक्षणाची सोय नव्हती. त्यामुळे निवडलेल्या कॅडेटांना इंग्लंडला पाठवले जाई. आवटी यांचे प्रशिक्षण डार्टमथ येथील नौदल महाविद्यालयात झाले. १९५० मध्ये ते मायदेशी परतले. देश स्वतंत्र झाला होता आणि २६ जानेवारी १९५० पासून नौदलाच्या नावातील 'रॉयल' हा शब्दही गेला होता. संदेशवहन हा त्यांचा विशेष अभ्यासाचा विषय होता.

पुढील काळात त्यांनी रणजित, बेतवा, तीर, कामोर्ता आणि म्हैसूर या युद्धनौकांचे, तसेच कोची येथील वेंदुरुथी या किनारी तळाचे नेतृत्व केले. यांपैकी रणजित ही विनाशिका, बेतवा ही फ्रिगेट आणि म्हैसूर ही क्रूझर होती, तर तीरवर नवोदित अधिकाऱ्यांना समुद्राचे पहिले धडे दिले जात. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपदही त्यांनी भूषवले.

१९७१ चे युद्ध

युद्धाच्या वेळी आवटी हे आयएनएस कामोर्ताचे कप्तान होते. निकोबार द्वीपसमूहातील एका बेटाचे नाव धारण करणारी ही युद्धनौका सोव्हिएत बनावटीची असून ती १९६८ मध्ये भारतीय नौदलात आली. वसईजवळच्या सागरी किल्ल्यावरून नाव घेतलेल्या 'अर्नाळा' वर्गातील ती एक होती. या वर्गातील नौकांचे मुख्य काम पाणबुड्यांचा शोध घेणे आणि त्यांच्यापासून ताफ्याचे रक्षण करणे हे होते. कामोर्ता पूर्व ताफ्यात होती. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका याच ताफ्याचे मुख्य बळ होते.

विक्रांतच्या शोधात आलेली पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरपासून विक्रांतवरील विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले सुरू केले. पूर्व पाकिस्तानला समुद्रमार्गे कुमक पोहोचू नये आणि तेथील सैन्याला समुद्रमार्गे निसटता येऊ नये, यासाठी ताफ्याने किनाऱ्याची नाकेबंदी केली. सुरुंग आणि पाणबुड्या यांचा धोका असलेल्या या पाण्यात आवटी यांच्या अधिपत्याखालील नौकांनी शत्रूच्या ठाण्यांवर मारा केला आणि निषिद्ध माल वाहून नेणारी तीन जहाजे ताब्यात घेतली. १६ डिसेंबरला ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. या कामगिरीबद्दल आवटी यांना वीरचक्र प्रदान करण्यात आले. पुढे त्यांना परम विशिष्ट सेवा पदकही मिळाले.

सागरी इतिहासाचे काम

आवटी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. कोकणच्या किनाऱ्याला आरमाराची मोठी परंपरा आहे. कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे जलदुर्ग आणि कान्होजी आंग्रे यांचे आरमार ही तिची ठळक उदाहरणे होत. नौदलाच्या मुंबईतील तळाला १९५१ मध्ये आंग्रे यांचेच नाव देण्यात आले. असे असूनही सागरी इतिहासाच्या पद्धतशीर अभ्यासाला वाहिलेल्या संस्था फार थोड्या होत्या. ही उणीव भरून काढण्याचे काम सोसायटीने हाती घेतले.

निवृत्ती आणि विंचुर्णी

नौदलातील नोकरीत दर काही वर्षांनी बदली ठरलेली असते. जहाज समुद्रात गेले की घराची सारी जबाबदारी किनाऱ्यावरच्या कुटुंबावर येते. सुमारे अडतीस वर्षांच्या अशा जीवनानंतर आवटी समुद्रापासून दूर, फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी पत्नीसह स्थायिक झाले. त्यांचा उर्वरित काळ याच घरात गेला. वन्यजीव आणि पर्यावरण हा त्यांच्या आस्थेचा दुसरा विषय होता. वाघ व सिंह यांच्या संरक्षणाविषयी त्यांनी लेखन केले.

सागर परिक्रमेची कल्पना

ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते जगातील पहिलेच. त्यांची 'सुहैली' ही नौका मुंबईत बांधलेली होती. भारतात बांधलेल्या नौकेने हा पराक्रम घडवला असला, तरी त्यानंतर कित्येक दशके एकाही भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली नव्हती. लष्कराच्या 'तृष्णा' या नौकेने १९८५-८७ मध्ये आणि नौदलाच्या 'तरंगिणी'ने २००३-०४ मध्ये प्रदक्षिणा केली. परंतु या दोन्ही मोहिमांत नौकेवर अनेक खलाशी होते.

प्रचलित नियमांनुसार अशा प्रदक्षिणेत सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात आणि विषुववृत्त किमान दोनदा पार करावे लागते. प्रवास किमान २१,६०० सागरी मैलांचा असावा लागतो. सुएझ किंवा पनामा कालव्याचा आधार घेता येत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप या तीन भूशिरांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. हा दक्षिण महासागर वादळे आणि उंच लाटा यांसाठी ओळखला जातो.

एखाद्या भारतीय नौदल अधिकाऱ्याने भारतात बांधलेल्या नौकेतून ही प्रदक्षिणा करावी, असा आवटी यांचा आग्रह होता. २००६ मध्ये नौदलाने हा उपक्रम स्वीकारला, तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षे होते. कमांडर दिलीप दोंदे यांनी या मोहिमेसाठी स्वतःहून नाव दिले आणि पूर्वतयारीसाठी इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्यासोबत काम केले. गोव्यातील दिवाडी बेटावरील ॲक्वेरियस या जहाजबांधणी कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ५६ फूट लांबीची 'म्हादेई' बांधली. तिची मूळ रचना डच संरचनाकाराची होती. फेब्रुवारी २००९ मध्ये म्हादेई नौदलात दाखल झाली.

परिक्रमेची परंपरा

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. या मोहिमेत किनाऱ्यावरून त्यांना साहाय्य करणारे अधिकारी अभिलाष टॉमी पुढच्या खेपेला स्वतः सुकाणूवर होते. १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडून, वाटेत कोठेही न थांबता, ३१ मार्च २०१३ रोजी त्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. दोंदे यांना शौर्यचक्र आणि टॉमी यांना कीर्तिचक्र मिळाले.

त्यानंतर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या नौकेतून प्रदक्षिणा केली. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून त्या २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्यांच्या प्रशिक्षणात दोंदे यांचा प्रमुख वाटा होता. अशा रीतीने एका मोहिमेतील दर्यावर्दी पुढच्या मोहिमेचा शिक्षक होत गेला.

अखेरचा काळ

नॉक्स-जॉन्स्टन यांच्या सफरीला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत भरवण्यात आली. 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'तुरीया'तून टॉमी तिच्यात उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौकेची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, ३ नोव्हेंबर २०१८ रोजी, विंचुर्णी येथे वयाच्या ९१ व्या वर्षी आवटी यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या निधनानंतरही ही परंपरा चालू राहिली. टॉमी बरे होऊन पुन्हा गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने ती पूर्ण केली. नौदल अधिकारी दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात 'तारिणी'तूनच प्रदक्षिणा केली. त्यांना टॉमी यांचे मार्गदर्शन लाभले होते. आवटी स्वतः यांपैकी एकाही प्रदक्षिणेवर गेले नव्हते. तरीही या मोहिमांचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.