रंग वेगळे कोण करतं?

आजचा भाग हातात एखादी कापडी पिशवी घेऊन ऐका. मार्केट यार्डाच्या भुसार विभागातल्या दुकानात मिळते तशी. लाल फूल, हिरवी पानं, काळ्या अक्षरात दुकानाचं नाव. फूल आणि पान जिथे टेकतात, तिथे कधीकधी केसाएवढी पांढरी फट दिसते. आज त्या फटीची गोष्ट.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एका जाळीतून एका वेळी एकच शाई जाते. तीन रंग म्हणजे तीन जाळ्या आणि तीन फिल्म. गंमत म्हणजे फिल्म तिन्ही काळ्याच! लाल जिथे पडायचा, तिथे लालची फिल्म काळी. एका चित्राचे असे रंगागणिक भाग पाडायचे, हेच कलर सेपरेशन. आज ते फोटोशॉपच्या चॅनेलमध्ये होतं. फोटोशॉप आलं १९९० मध्ये. हे काम मात्र आपल्याकडे त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीपासून चालू होतं.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत लिथो प्रेस काढली. यंत्रं जर्मनीहून आली, कारागीरही आले. पुढे प्रेस मळवलीला गेली. पुण्याहून लोकलने निघालात तर लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. तिथे जाळी नव्हती, दगड होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच चित्राला असे दहाच्या वरही दगड लागू शकत. साडीच्या जांभळ्यात निळा किती, गुलाबी किती, हे कारागीर नुसत्या नजरेने ठरवायचा आणि तेवढे ठिपके दगडावर हाताने काढायचा. कागद प्रत्येक दगडावर अगदी त्याच जागी बसला नाही, तर देवीचे ओठ गालावर!

मग हे काम कॅमेऱ्याकडे गेलं. लाल, हिरवी आणि निळी काच लावून तीन फोटो काढले की रंग वेगळे होतात, हे मॅक्सवेलने १८६१ मध्येच दाखवलं होतं. त्यावरून पुढे तीन रंगांचे ब्लॉक बनू लागले. हे तंत्र शिकलेला आपला माणूस कोण माहितीये? दादासाहेब फाळके! त्यांनी रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं काम केलं, १९०८ मध्ये लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली. ‘राजा हरिश्चंद्र’ आला त्यानंतर, १९१३ मध्ये.

आता परत पिशवीकडे. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला वाटायचं की सेपरेशन म्हणजे एक बटण. पण चॅनेलमध्ये २५६ छटा असतात आणि जाळीला दोनच गोष्टी कळतात: शाई जाईल किंवा जाणार नाही. म्हणून छटांचे ठिपके करावे लागतात, आणि ठिपका फार बारीक झाला तर जाळी तो धरतच नाही. कापड गडद असेल तर खाली पांढरा थर हवा. फिकट रंग गडद रंगाखाली किंचित सरकवावा लागतो, त्याला ट्रॅप म्हणतात. तो ट्रॅप विसरला, की ती पांढरी फट. शिवाय प्रत्येक वाढीव रंग म्हणजे आणखी एक जाळी, आणखी एक हात, आणखी खर्च. चारऐवजी दोन रंगांत चित्र उभं करता येईल का, हे बटण सांगत नाही.

रविवर्मा प्रेसच्या चित्रांवर चित्रकाराचं नाव असतं, प्रेसचं असतं. रंग वेगळे करणाऱ्याचं नसतं. आजही डिझाइनचे पैसे वेगळे मिळतात आणि सेपरेशन बऱ्याचदा ‘सोबत करून द्या’ यात जातं. तेव्हा ज्या पिशवीवर फट दिसणार नाही, ती जरा जास्त वेळ बघा. तिथे कुणीतरी नीट विचार केलाय.

भेटू पुढच्या भागात!