खडी गंमत आणि तिचा श्रोता : भंडारा जिल्ह्यातील एका परंपरेचा विचार

मराठी शाहिरीच्या अभ्यासाला संहितांच्या संग्रहापासून आरंभ झाला. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला, य. न. केळकर यांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’ १९२८ मध्ये बाहेर आले, म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने १९५६ मध्ये लावणीच्या स्वरूपाची साक्षेपी चर्चा केली. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तथापि कवन कोणाचे, ते कोणत्या काळातले, त्यातील शुद्ध पाठ कोणता, हेच प्रश्न तीत प्राधान्याने विचारले गेले. ते कवन समोर बसून ऐकणारा मनुष्य कोण होता, तो किती कोस चालून आला होता, तेच कवन त्याने पूर्वी कितीदा ऐकले होते आणि तरीही तो पुन्हा का आला, हा प्रश्न बहुधा विचारलाच गेला नाही. भंडारा जिल्ह्यातील खडी गंमत या प्रकाराच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. येथे श्रोता केवळ रसग्रहण करीत नाही. प्रयोगाला त्या त्या दिवशी जो आकार येतो, त्याच्या घडणीतच त्याचा हात असतो. या विधानाची उपपत्ती मांडणे आणि त्यावरून निघणारे संशोधकाचे कर्तव्य दाखविणे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

प्रथम या प्रकाराचे रूप पाहू. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुण्याचा सूर धरणारा साथीदार, ओळीचा शेवट उचलून धरणारे झीलकरी, स्त्रीवेषातील नाच्या आणि सोंगाड्या, एवढ्या मंडळींवर संच उभा राहतो. ‘उभा’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा, कारण सारे कलावंत उभ्यानेच गातात व वाजवितात; नावातील ‘खडी’ या विशेषणाचे मूळ त्यातच आहे. पडदा नाही, नेपथ्य नाही. मैदानात अथवा चौकात श्रोते सभोवार बसतात. गण, गौळण, लावणी, सवाल-जवाब, मग एखादे कथानक, असा क्रम सर्वांस ठाऊक असतो. परंतु प्रत्येक पायरीवर किती वेळ रेंगाळावयाचे हे आधी ठरलेले नसते. एकच चाल ढोलकीच्या अंगाने वाढत जाते, मध्येच गद्य संवाद शिरतो, सोंगाड्या गावातील ताज्या घटनेवर बोट ठेवतो, आणि शाहीर पुन्हा मूळ ध्रुपदावर येतो. एका गावी अल्पावकाशात आटोपलेली गौळण दुसऱ्या गावी तासभर रंगते. लिखित संहिता असलीच तर ती वहीतील सांगाड्याएवढीच असते.

पूर्वेकडील शेजारच्या छत्तीसगडात नाचा या प्रकाराचे जुने रूप ‘खडे साज’ या नावाने ओळखले जाते; तेथेही वादक वाद्ये कमरेला बांधून उभ्याने वाजवीत. दाऊ मंदराजी यांनी १९२८ च्या सुमारास रवेली येथे आपली मंडळी उभारल्यानंतर तेथील साथीला हळूहळू बैठक मिळाली व पेटीसारखी वाद्ये आली. राजनांदगाव, गोंदिया, तुमसर रोड व भंडारा रोड ही स्थानके एकाच लोहमार्गावरची आहेत. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व नंतरच्या मध्य प्रदेश राज्यातच होता. म्हणून उभ्याने गाण्याची ही रीत केवळ पश्चिम महाराष्ट्रातील तमाशाची शाखा म्हणून समजून घेणे अपुरे ठरते. वैनगंगेच्या खोऱ्यातील श्रोता मराठी व हिंदी या दोन्ही भाषांतील विनोद सहज समजतो, आणि शाहीरही त्याच्या या दुहेरी कानाचा लाभ घेतो.

आता श्रोता पुनःपुन्हा कसा ऐकू शकतो, याचा विचार करू. त्याचे उत्तर मंडईच्या पंचांगात आहे. दिवाळीच्या सुमारास हलके धान हाती येते आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. शेजारच्या गावांचे दिवस एकमेकांवर येऊ नयेत अशी वाटणी परंपरेने पडलेली असते. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, सोयरिकींची बोलणी होतात. दुकानांत सिंगाडे व ऊस विकावयास येतात. दिवसा दंडार वा खडी गंमत आणि रात्री नाटक, असा क्रम आज पुष्कळ गावी आढळतो. अन्य प्रसंगी गंमत रात्रभरही चालते. या व्यवस्थेचा एक परिणाम अभ्यासकांच्या ध्यानी यावा असा आहे. दिवस वाटलेले असल्यामुळे एखाद्या संचाला हंगामभर गावोगाव फिरता येते, आणि त्याच्या चाहत्यालाही त्याच्या मागोमाग जाता येते. आज आत्याच्या गावी, परवा सासुरवाडीस, पुढील आठवड्यात मित्राच्या गावी, असा जो पाहुणचार चालतो, त्यात एकाच शाहिराचे तीन-चार प्रयोग सहज ऐकून होतात. नात्यागोत्याचे जाळे आणि रसिकतेचे जाळे येथे एकमेकांत विणलेले आहे.

असे ऐकणाऱ्याचा अनुभव पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या अनुभवाहून गुणतः वेगळा असतो. नवख्याचे लक्ष नाच्याच्या हावभावांकडे व सोंगाड्याच्या थट्टेकडे जाते. जाणता श्रोता ढोलकीच्या जवळची जागा धरतो. गण चालू असता तो फारसे बोलत नाही; शाहिराचा आवाज आज कसा लागला आहे एवढेच तो ताडून पाहतो. गौळणीत नेहमीचा संवाद येऊ लागला की त्यातील बदल तो टिपतो: हे वाक्य मागील गावी नव्हते, ही चाल जुनीच पण लय चढी आहे. चित्रपटातील चालीवर नवे शब्द बसविले असतील तर तरुणांकडून शिट्टी येते आणि वडीलधाऱ्यांकडून एखाद्या जुन्या चालीची मागणी. ती मागणी मान्य करणे वा गोड बोलून टाळणे, यातही शाहिराचे कसब दिसते. मनासारखी ओळ आली की कोणी उठून बक्षीस देतो, शाहीर देणाऱ्याचे नाव व गाव गाण्यातच गुंफतो, आणि त्या नावासरशी मूळ कवनाला नवे कडवे जोडले जाते. ते कडवे पुन्हा कधीही ऐकू येणार नसते, आणि समोरच्या मंडळींस हे ठाऊक असते. वारंवार येण्यामागील खरी ओढ हीच होय: ओळखीचे गाणे अनोळखी होण्याचा तो क्षण आपल्या समोर घडावा.

श्रोत्याचा हा अधिकार दुय्यम खडी गंमतीत सर्वांत स्पष्ट होतो. येथे दोन शाहिरांचे संच एकमेकांसमोर उभे राहतात. कलगी आणि तुरा या पक्षांचा जुना वाद, म्हणजे शक्ती श्रेष्ठ की शिव, हा त्यामागील तात्त्विक आधार होय. एकाने पुराणातील कूट घालावे, दुसऱ्याने त्याचे उत्तर त्याच चालीत व शक्य तर वरचढ यमकात द्यावे, अशी ही झुंज असते. पंच नेमलेले असोत वा नसोत, निकाल मंडळींच्या तोंडी असतो. उत्तर चुकले तर गर्दीतील एखादा वृद्ध ते तत्काळ दाखवून देतो. उत्तर पाठ केलेले असेल तर ‘हे तर मागच्या मंडईत ऐकले’ असा शेरा पडतो. हा शेरा शाहिराला सर्वांत जिव्हारी लागणारा असतो, कारण त्याच्या हजरजबाबीपणावरच तो शंका घेतो. अर्थात् शाहिराला नवे रचावयास भाग पाडणारी शक्ती म्हणजे श्रोत्याची स्मृती होय. ज्या गावी जुने ऐकलेले कोणी नाही, तेथे जुन्याच उत्तरांवर काम भागते आणि प्रयोगाची धार बोथट होते. म्हणून उत्स्फूर्त रचनेचा ऱ्हास केवळ कलावंतांच्या उणेपणाने होतो असे मानणे बरोबर नाही. श्रोत्यांची स्मृती तुटली म्हणजेही तो होतो.

हा विशेष एकट्या झाडीपट्टीचा नाही, हे दाखविण्यासाठी दूरच्या एका उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६५ मध्ये स्थापन झालेला ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद १९९५ पर्यंत तीस वर्षे गात राहिला व त्याने सुमारे २,३०० मैफली केल्या. त्याचीही गाणी ठरलेली असत, परंतु त्यांचा क्रम व विस्तार दररोज निराळा असे. चाहते गावोगाव त्याच्या मागे फिरत आणि ध्वनिमुद्रणे करून ती आपसांत विनामूल्य वाटीत. १९८४ पासून त्या वृंदाने मुद्रण करणाऱ्यांसाठी मैफलीत स्वतंत्र जागाच राखून ठेवली. १९८७ मध्ये चाहत्यांनी मैफलवार गाण्यांची सूची ‘डेडबेस’ या नावाने ग्रंथरूपाने छापली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या मैफलीचे मुद्रण पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत दाखल झाले, आणि वृंदाचा कागदपत्रसंग्रह २००८ मध्ये सांताक्रूझ येथील विद्यापीठाकडे आला. दोन्ही समाजांच्या साधनसंपत्तीत महदंतर आहे आणि कलाप्रकारही भिन्न आहेत. तरी श्रोत्याची वृत्ती तीच आहे: कालचा प्रयोग स्मरणात ठेवून आजचा ऐकणे. फरक एवढाच की तेथे ही स्मृती लेखनिविष्ट झाली. येथे ती माणसांबरोबर जात आहे.

झाडीपट्टीच्या संशोधनाची उपेक्षाच झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व तिच्या लोककला यांच्या अभ्यासाला भक्कम पाया घालून दिला. झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने त्या रंगभूमीकडे सर्वांचे लक्ष वेधले. परंतु हा सन्मान व बहुतेक लेखन कलावंतांविषयी आहे. मंडईत पन्नास वर्षे ऐकत आलेल्या शेतकऱ्याची साक्ष कोणत्याही दप्तरात नाही. आता भ्रमणध्वनीवर चित्रफिती विपुल निघतात, हे खरे. पण तीत बहुधा रंगाचा कळसच तेवढा टिपलेला असतो. तिथवर पोहोचविणारा संथ विस्तार गळतो, आणि गाव, दिवस, प्रतिपक्षाचा शाहीर यांची नोंद नसते. अशी फीत करमणूक होऊ शकते, साधन होऊ शकत नाही.

या उणिवेला एक व्यावहारिक बाजूही आहे. वृद्ध कलावंतांना शासनाकडून मानधन मिळते, त्यासाठी कलाकार्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने आयुष्यभर चौकात उभ्याने गायिले, त्याच्यापाशी छापील कात्रण वा प्रमाणपत्र असेलच असे नाही. त्याचा खरा पुरावा गावोगावच्या श्रोत्यांच्या आठवणीत असतो. ती आठवण पद्धतशीर नोंदविली गेली तर इतिहासाबरोबर न्यायाचेही काम होईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. एका मोसमात एका तालुक्यातील मंडया निवडाव्यात. प्रत्येक प्रयोगाची तारीख, गाव, दोन्ही शाहिरांची नावे, कवनांचा क्रम, चाली, घातलेली कूटे व त्यांची उत्तरे टिपावीत. पाठोपाठ त्याच गावातील निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांना त्यांनी काय वेगळे ऐकले ते विचारावे. स्त्रियांची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी. माहेरी आलेल्या लेकीने दोन गावांच्या मंडया ऐकलेल्या असतात, म्हणून तुलनेचे ज्ञान तिच्यापाशी विशेष असते. बोलणे झाडीबोलीत आहे तसेच उतरवावे, प्रमाण भाषेत शुद्ध करू नये. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला असला तरी मंडईची पाहुणेमंडळी ती सीमा जाणत नाहीत. म्हणून नोंदी दोन्ही जिल्ह्यांत जुळवून पाहाव्यात. एकाच शाहिराचे एका मोसमातील दहा प्रयोग अशा रीतीने नोंदले गेले, तर मौखिक रचना प्रत्यक्ष कशी घडते, हे आपणांस अनुमानाने नव्हे तर प्रमाणाने सांगता येईल. साठ-सत्तर मंडया ऐकलेली पिढी आज वार्धक्यात आहे. शाहिराची वही पुढेही कोठे तरी सापडेल. परंतु ती वाजती-गाजती कशी होत असे, हे सांगणारी माणसे पुन्हा मिळणार नाहीत.