बालवर्गातील टॅबलेट आणि कृतिसंशोधन

बालवर्गात टॅबलेट आला, की खरा गोंधळ उडतो तो पाळी संपताना. यंत्र परत ठेवताना रडारड होते, पुढचा तास रखडतो. अशा नित्याच्या अडचणींवर शिक्षिकेनेच आपल्या वर्गात उत्तर शोधावे, ही कृतिसंशोधनाची कल्पना. कुर्ट लेविन यांनी १९४६ मधील निबंधात ती सामाजिक प्रश्नांसंदर्भात मांडली. स्टीफन कोरी यांच्या १९५३ मधील पुस्तकाने ती अमेरिकेतील शाळांत रुजविली. आपल्याकडील शिक्षक-प्रशिक्षणातही ती आहे, परंतु पुष्कळदा फाईलपुरतीच.

प्रश्न एकच आणि मोजता येणारा असावा. टॅबलेट परत ठेवताना किती मुले रडली, किती मिनिटे गेली, याची आठवडाभर नोंद ठेवावी. नंतर एकच बदल करावा. वाळूचे घड्याळ किंवा पाळ्यांचा चित्रतक्ता. पुन्हा तितकेच दिवस मोजावे. दोन्ही उपाय एकदम योजल्यास गुण कशाचा, हे कळत नाही. रडणे घटले नाही, तर तसेच नोंदवून दुसरा उपाय करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. घरचा दूरचित्रवाणी संचही त्याच तासात येतो. त्यामुळे नोंदवहीत पालकांसाठी एक रकाना हवाच.