गांदो प्राथमिक शाळा

बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकी देशातील गांदो गावची पर्यावरणपूरक शाळा-इमारत. रचनाकार फ्रान्सिस केरे (जन्म १९६५) याच गावचे. बर्लिनमध्ये वास्तुकला शिकतानाच त्यांनी निधी जमवला. २००१ मध्ये शाळा उभी राहिली.

भिंतींच्या विटा स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून बनवलेल्या. खरी करामत मात्र डोक्यावर आहे. वर्गांवर फटी राखलेले विटांचे छत आणि त्याच्या बरेच वर, सळयांच्या सांगाड्यावर तोललेला पत्रा. तापलेली हवा या फटींतून वर निघून जाते, झडपांच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पत्र्याची रुंद वळचण मातीच्या भिंतींना पावसापासून जपते.

‘मातीची शाळा टिकेल?’ अशी शंका असलेले गावकरीच पुढे बांधकामावर राबले. २००४ मध्ये या इमारतीला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.