'प्रेझेंटली' : एका कालवाचक क्रियाविशेषणाचा अर्थेतिहास

इंग्रजीतील 'प्रेझेंटली' या क्रियाविशेषणाचे आज दोन अर्थ प्रचलित आहेत : 'थोड्या वेळाने' आणि 'सध्या'. यांपैकी दुसरा अर्थ ही अलीकडची, विशेषतः अमेरिकन वापरातून शिरलेली अशुद्धी होय, असे मत विसाव्या शतकात वारंवार मांडले गेले. शब्दाचा इतिहास या मताला दुजोरा देत नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'प्रेसेन्स' म्हणजे 'समोर असलेला' या रूपात आहे. 'सध्या' हा अर्थ त्याला पंधराव्या शतकापासूनच आहे. त्याच्याच जोडीने 'तत्क्षणी' हा अर्थही रूढ झाला. 1611 च्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानातील 21 व्या अध्यायात, येशूने शापिलेले अंजिराचे झाड सुकते, तेथे हाच शब्द योजिला आहे. मूळ ग्रीक शब्द तत्क्षणतेचा वाचक आहे. आजचा वाचक तेथे 'थोड्या वेळाने' असे समजेल, तर चमत्काराचा आशयच हरवेल. 1881 च्या सुधारित भाषांतरात या ठिकाणी 'इमीजिएटली' हा शब्द आला, तो उगाच नव्हे.

तत्परतेकडून विलंबाकडे झालेली ही घसरण एकाच शब्दापुरती नाही. 'सून' हा शब्द प्राचीन इंग्रजीत 'ताबडतोब' या अर्थी होता. 'अनॉन'चीही तीच गत झाली. 1611 च्याच बायबलात हेरोदियेची कन्या योहानाचे शिर 'बाय अँड बाय' मागते, ते 'आत्ताच्या आत्ता' या अर्थाने. असे शब्द आश्वासनांत वापरले जातात. कृतीला मात्र वेळ लागतो. ऐकणारा शब्दाचा अर्थ कृतीवरून ठरवितो, आणि तातडी सांगण्यासाठी भाषेला नवा शब्द शोधावा लागतो.

'सध्या' या अर्थाची वाटचाल निराळी आहे. सतराव्या शतकानंतर इंग्लंडच्या शिष्ट लेखनातून तो बहुतांशी मागे पडला. तथापि स्कॉटलंडमधील लेखनात व इंग्लंडच्या प्रादेशिक बोलींत तो टिकून राहिला. विसाव्या शतकात तो शिष्ट लेखनात पुन्हा ठळक झाला, तेव्हा जुन्याचे हे पुनरागमन नवी विकृती मानले गेले.

आजच्या वाक्यात क्रियापदाचा काळ बहुधा निर्णय देतो : वर्तमानकाळी 'सध्या', भविष्यकाळी 'लवकरच'. जुन्या ग्रंथाच्या अभ्यासकाला एवढे पुरत नाही. त्याला ग्रंथाचा काळ व प्रदेश दोन्ही पाहावे लागतात. शिष्ट लेखनातील मौन म्हणजे अर्थाचा मृत्यू नव्हे, हाच या शब्दाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.